घड्याळ सर्व्हिसिंगला देताय? आधी पावतीवर हे लिहून घ्या

महागडं मेकॅनिकल घड्याळ सर्व्हिसिंगला देताना पावतीवर दोन वाक्यं लिहून घ्याच: ‘पॉलिश करू नये’ आणि ‘काढलेले सगळे जुने भाग परत द्यावेत’. काउंटरवर तोंडी सांगितलेलं वर्कशॉपपर्यंत पोचेलच असं नाही. पॉलिश करताना धातूच घासला जातो. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, धारदार कडा एकदा गोल झाल्या की पूर्वीसारख्या करणं फार अवघड. १९६०-७०च्या दशकातल्या रोलेक्स-ओमेगाचं तर विचारूच नका. ट्रिटियमची (अंधारात चमकणाऱ्या किरणोत्सारी लेपाची), पिवळसर पडलेली मूळ डायल आणि काटे काढून नवे बसवले, तर घड्याळ चकाचक दिसतं, पण संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत चांगलीच उतरते. आणि ते वडिलांचं असेल, तर हळहळ पैशांपुरती राहत नाही.

देण्यापूर्वी डायल, कडा, मागचं झाकण आणि सिरियल नंबरचे जवळून फोटो काढा. परत घेताना काउंटरवरच पाहा: काचेच्या आत धूळ आहे का, बाराला काटे एकावर एक येतात का, वॉटर प्रेशर टेस्टचा रिपोर्ट दिलाय का. मग आठवडाभर रोज ठरावीक वेळी मोबाइलशी वेळ ताडा.

काही बिघडलेलं दिसलं तर घड्याळ दुसऱ्या कारागिराकडून उघडून घेऊ नका, पुरावाच जातो. फोटोंसह लगेच ईमेल करा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात.