नकली फरच्या शेपटीचा गुंता कसा सोडवावा

इंदुरात शेपट्यांचा हंगाम भाद्रपदात सुरू होतो. गणेशोत्सवात कॉलन्यांमधली बालनाट्यं, अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या म्हणजे सजवलेले चित्ररथ, दसऱ्याच्या सुमारास रामलीला, डिसेंबरात रणजित हनुमान मंदिराची प्रभातफेरी आणि पाठोपाठ शाळांची स्नेहसंमेलनं. वानरसेना असो की जंगलची सभा, शेपटीवाचून कोणाचं चालत नाही. आताशा कॉस्प्ले करणारी, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घालून मिरवणारी, कॉलेजची मुलंही कोल्ह्या-लांडग्यांच्या झुबकेदार शेपट्या लावून फिरतात. हंगाम संपला की या शेपट्या पिशवीत कोंबून माळ्यावर जातात आणि पुढच्या वर्षी खाली येतात तेव्हा त्यांची जट झालेली असते. प्रयोग दोन दिवसांवर आलेला असतो, कोणीतरी शेपटी उचलून थेट साबणाच्या बादलीत बुचकळतं, आणि तिथेच ती हातची जाते.

मळल्यामुळे शेपटी क्वचितच वाया जाते. गुंत्यावर पाणी पडलं की गाठ आवळते, आणि नंतर वाळवण्याच्या घाईत दाखवलेली उष्णता उरलंसुरलं काम करते. म्हणून क्रम पक्का ठेवायचा: आधी झटकणं, मग विंचरणं, धुणं सगळ्यात शेवटी आणि तेही लागलंच तर.

आधी चाचपून बघा

शेपटी बुंध्यापासून टोकापर्यंत दाबत जा. आत नुसता पॉलिएस्टरचा कापूस असेल तर ती सगळीकडे मऊ दबते. फोम असेल तर सोडल्याबरोबर पुन्हा फुगते. तार असेल तर हाताला कडक लागते आणि वाकवाल तशी राहते. मारुतीच्या खांद्यामागून कमान करून वर येणाऱ्या शेपटीत तार बहुधा असतेच. तारेची शेपटी भिजवायची नाही, ही खूणगाठ आत्ताच बांधा. लोखंडी तार गंजली की डाग आतून बाहेर येतो आणि फिकट रंगाच्या फरवरून तो निघत नाही.

मग लव कुठे वळते ते बघा. हात आधी बुंध्याकडून टोकाकडे, मग उलटा फिरवा. जिकडे गुळगुळीत लागेल ती लवेची दिशा. सहसा ती टोकाकडे असते. पण कापड वाचवायला शिंप्यानं तुकडे उलटसुलट जोडलेले असतील तर एकाच शेपटीत दोन दिशा सापडतात. अशा वेळी प्रत्येक तुकडा त्याच्या त्याच्या लवेनं विंचरायचा.

फर नेमकी कशाची, हे शोधत बसण्याची गरज नाही. बाजारातलं फरचं कापड बहुतेक ॲक्रिलिक, मोडॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचं असतं. पॉलिएस्टर वितळतं साधारण २५५ ते २६० अंश सेल्सियसला, पण केस आखडून कुरळे व्हायला एवढी उष्णता लागत नाही. ॲक्रिलिक तर १०० अंशांच्या आतच नरम पडू लागतं, ओलं असताना त्याहूनही आधी. कढत पाणी, इस्त्री, गरम हेअर ड्रायर हे तिन्ही प्रकारच्या फरला वर्ज्य, एवढं कळलं की पुरे.

लागणारं सामान

मुख्य हत्यार म्हणजे स्लिकर ब्रश. कुत्र्या-मांजरांच्या सामानाच्या दुकानात मिळतो. चौकोनी पाटीवर बारीक, पुढून किंचित वाकलेल्या तारांचे दात असतात. दातांच्या टोकाला प्लॅस्टिकचे मणी असलेला केसांचा ब्रश इथे कुचकामी, तो वरवर फिरतो आणि मुळाशी पोचतच नाही. सोबत विरळ दातांचा कंगवा, शक्यतो स्टीलचा. टोकदार लहान कात्री. फवाऱ्याची बाटली. आणि खाली अंथरायला जुनी चादर, कारण केस घरभर उडतात.

फवाऱ्यात अर्धा लिटर पाणी आणि एक चहाचा चमचा फॅब्रिक कंडिशनर घालून हलवा. कंडिशनर वाढवला तर केस तेलकट होतात आणि पुढच्या तालमीत रंगमंचावरची सगळी धूळ शेपटी गोळा करते. बोअरचं पाणी जड असेल तर फवाऱ्यासाठी नळाचं घ्या.

गुंता सोडवणं

शेपटी बाल्कनीत नेऊन बुंध्याला धरून झटका. टिकल्या, चमकी, सेफ्टी पिना, शेवेचा चुरा काय काय निघतं. तालमीला पोहे-जिलबीचा नाश्ता असतोच, त्याचा हिशोब शेपटीवर लिहिलेला सापडतो.

आता चादरीवर ठेवा आणि टोकापासून सुरुवात करा. बुंध्याकडून ब्रश ओढला तर वरचे सगळे गुंते खाली सरकत एकाच ठिकाणी साचतात आणि त्यांची घट्ट मोळी होते. टोकाकडची तीन-चार बोटं रुंदीची पट्टी घ्या. डाव्या हाताच्या चिमटीनं केस गुंत्याच्या वर, कापडाजवळ, घट्ट धरा; म्हणजे ओढ चिमटीवर येते, कापडाच्या विणीवर नाही. फरचे केस विणलेल्या पाठीत नुसते अडकवलेले असतात, जोरानं ओढलं तर मुळासकट बाहेर येतात आणि तिथे कायमचं टक्कल पडतं.

एकदोनदा फवारा मारा. केस दमट व्हायला हवेत, चिंब नकोत. मग आधी केसांच्या शेंड्यांवर छोटे छोटे फटकारे. शेंडे सुटले की बोटभर वर, मग आणखी थोडं, असं करत मुळापर्यंत. मुळाशी पोचल्यावर दात कापडावर रुतवू नका, खरवडल्यानं वीण सुटते. ती पट्टी झाली की बुंध्याच्या दिशेनं पुढची. शेपटी लांब असेल तर सोडवलेल्या भागाला कापडाची सैल चिंधी बांधून ठेवा, नाहीतर तो पुन्हा बाकीच्यांत मिसळतो.

ब्रशमध्ये गुंतवळ जमेल तसं काढत जा. भरलेला ब्रश नवीन गाठी करतो. थोडे केस निघणारच, विशेषतः नव्या शेपटीतून, कारण कापताना तुटलेले तुकडे आत राहिलेले असतात. दर फटकाऱ्याला झुपका हातात येऊ लागला तर मात्र थांबा, तुम्ही जोर लावताय. आणि हे गुंतवळ ओल्या कचऱ्यात टाकू नका. ते प्लॅस्टिक आहे, खतात कुजणार नाही. सकाळच्या कचरागाडीत सुक्याच्या कप्प्यातच जायला हवं. इंदूरकरांना हे सांगावं लागू नये, पण केस म्हटलं की हात चुकतो.

सगळ्यात वाईट गुंता दोन ठिकाणी सापडतो: पट्ट्याच्या खाली जिथे मूल शेपटीवर बसतं तिथे, आणि जमिनीवर घासणाऱ्या टोकाला. बसायच्या जागी घाम, वजन आणि घासणं एकत्र येऊन केस नमद्यासारखे सपाट बसलेले असतात. तिथे ब्रश लावण्याआधी बोटांनीच फाडत जा. जट दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आडवी ताणा, म्हणजे एकीच्या दोन होतील, दोनांच्या चार. तरी नाही सुटली तर कात्री, पण उभी. कात्रीचं टोक कापडापासून दूर, केसांच्या शेंड्यांकडे ठेवून जटेला लवेच्या दिशेनं चीर द्या आणि पुन्हा बोटांनी फाडा. आडवी कात्री चालवली की जट जाते खरी, पण तिच्या जागी खड्डा राहतो आणि दिव्यांच्या उजेडात तो तिसऱ्या रांगेतूनही दिसतो.

शेवटी स्टीलचा कंगवा एकदा बुंध्यापासून टोकापर्यंत सरळ फिरवा. अडकला नाही तर काम झालं. शिवणीजवळ फर दबलेली दिसेल. टाक्यांत अडकलेले केस जाड सुईच्या टोकानं एकेक उचलून बाहेर काढा. हे किचकट आहे, पण केस वर आले की शिवण दिसेनाशी होते. विकत आणलेल्या नव्या शेपटीलाही हा उपाय करून बघा, रूप पालटतं.

डाग असतील तर

पूर्ण शेपटी धुण्याआधी डागापुरतंच धुऊन भागतं का ते पाहा. जिलबीचा पाक कोमट पाण्याच्या फडक्यानं विरघळतो. तेलाला भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, बोटानं केसांवर चोळून ओल्या फडक्यानं दोन-तीनदा टिपायचा. हळदीला साबण लागला की डाग लाल होतो, दचकू नका. साबण काढल्यावर पुन्हा पिवळा होतो, आणि उन्हात हळदीचा रंग उडतो. तेवढाच भाग थोडा वेळ उन्हाकडे करून ठेवा. गुलाल आणि शेंदूर मात्र कोरडेच झटका, मग कोरड्या ब्रशनं काढा. पाणी लागलं की गुलाल पसरून सगळी शेपटी गुलाबी होते. शेंदूर तेलात कालवलेला असेल तर आधी लिक्विड, मग पाणी. च्युइंग गमवर बर्फ धरा, कडक झाला की चुरा करून काढा.

धुवायचीच असेल तर

विंचरून पूर्ण मोकळी झाल्यावरच. वेल्क्रो असेल तर बंद करून ठेवा, नाहीतर त्याचे काटे सगळी फर धरून बसतात. थंड पाण्यात लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड घाला, शेपटी बुडवा आणि वरून खाली दाबत जा. चोळणं, घासणं, पिळणं नाही. साबण पूर्ण निघेपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढा, शेवटच्या पाण्यात चमचाभर कंडिशनर. लांब केसांच्या शेपटीला वॉशिंग मशीन दाखवू नका, कितीही 'जेंटल' असलं तरी. इंदूरला नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून पंपानं येतं, १९७८ पासून. उरलेलं साबणाचं पाणी फरशी धुवायला वापरलं तर तेवढंच सार्थकी लागेल. मोरीच्या जाळीवर मात्र फडकं टाका, फरचे केस नाली तुंबवतात.

तारेची किंवा फोमची शेपटी वरच्या वर पुसायची: लिक्विडच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं लवेच्या दिशेनं, मग साध्या पाण्याचं.

पाणी काढायला शेपटी जाड टॉवेलात गुंडाळून दाबा. नंतर सावलीत, वाऱ्यावर, कपड्यांच्या स्टँडवर आडवी पसरा. बुंध्याला टांगली तर ओल्या कापसाच्या वजनानं शिवण ताणली जाते आणि सगळा कापूस टोकाला उतरतो. दर तासा-दोन तासांनी हलक्या हातानं विंचरा; ओले केस ज्या वळणात वाळतील तेच वळण धरतात. आतला कापूस वरच्या फरच्या बराच मागून वाळतो. पावसाळ्यात त्याला दोन दिवसही कमी पडतात, तेव्हा गणपतीच्या तोंडावर शेपटी धुवायला काढू नका. फर कोरडी लागते म्हणून पिशवीत भरली की आतून कुबट वास सुरू होतो. ड्रायर वापरायचाच तर थंड हवेवर.

उष्णतेनं एकदा पिंजारलेली फर पूर्ववत होत नाही. कंडिशनरनं ती थोडी बसते एवढंच. टोकं जळकी, खरखरीत झाली असतील तर तेवढी कापून टाका किंवा त्या शेपटीला म्हाताऱ्या माकडाची भूमिका द्या.

ठेवण आणि काळजी

प्रयोगानंतर त्याच रात्री पाच मिनिटं विंचरलं तर वरचं निम्मं प्रकरण उद्भवतच नाही. लहान मुलांना शेपटी हातावर घेऊन बसायला शिकवा. दोन तालमींत त्यांना सवय लागते, मोठ्यांना लागत नाही. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत केस उभे राहून अंगाला चिकटतात, तेव्हा ब्रशवर फवारा मारून एक हात फिरवा.

ठेवताना जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात, सैल, वर काही न रचता. डांबरगोळ्या नकोत: कसर लोकर-रेशीम खाते, ॲक्रिलिक खात नाही, आणि तो वास मुलांच्या नाकाशी तासभर कशाला? अन्नाचा डाग राहिला नाही एवढं पाहिलं की झालं.

आगीबद्दल मात्र कडक राहा. लंकादहनाच्या प्रवेशात खऱ्या ज्वाळेचा मोह भल्याभल्या दिग्दर्शकांना होतो. मोडॲक्रिलिक ज्योत दूर केल्यावर विझतं, पण ॲक्रिलिक पेटतं, पॉलिएस्टर वितळून त्वचेला चिकटतं, आणि भाड्याच्या शेपटीत यांतलं काय आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. नारिंगी कापडाच्या पट्ट्या, आतून छोटा एलईडी दिवा आणि खालून पंखा एवढ्यावर लंका झकास पेटते. आरतीचं ताट फिरतं त्या वेळी शेपट्या विंगेत.

शेपटी ड्रेपरीवाल्याकडून, म्हणजे नाटकाचे पोशाख पुरवणाऱ्याकडून, भाड्यानं आणली असेल तर ताब्यात घेतानाच बुंध्याची शिवण, टक्कल पडलेल्या जागा आणि टोक यांचे मोबाइलवर फोटो काढून त्यालाही पाठवा. परत करताना विंचरलेली, पूर्ण कोरडी द्या. आणि त्याला न विचारता धुऊ तर मुळीच नका. आत तार आहे की नाही, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.