गोदाकाठच्या वरच्या-खालच्या गावांनी एकत्र काम कसं सुरू करायचं: बाल्टिक समुद्राकडून घेण्यासारखं

नाशिकात गोदावरीचा विषय निघाला की दोनच गोष्टी कानावर येतात, रामकुंडातलं पाणी आणि जायकवाडीला सोडायचं पाणी. पहिल्यात महापालिकेला बोल लावायचा, दुसऱ्यात मराठवाड्याला, झालं. पण आपल्या घाटावरून पुढे गेलेलं पाणी सायखेडा, नांदूर मध्यमेश्वर, कोपरगाव, पैठण, नांदेड करत तेलंगणा-आंध्रात जातं, आणि उगमापासून १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतं. त्या समुद्रावर आपल्यासारखेच बांगलादेश, म्यानमार, श्रीलंकेचे मच्छीमारही पोट भरतात. म्हणजे नाशिकमधल्या नासर्डी नदीत सोडलेलं सांडपाणी शेवटी सामाईक समुद्रात जातं. हे सगळं एकट्या गावाच्या हातात नाही, मान्य, पण वरच्या आणि खालच्या लोकांनी मिळून काम कसं उभं करायचं याची एक पद्धत आहे आणि ती युरोपातल्या एका समुद्रावर पन्नास वर्षं वापरात आहे. ती आपल्याकडे कशी लावता येईल ते सांगतो.

आधी त्या समुद्राबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. बाल्टिक समुद्र उथळ आहे, सरासरी खोली ५५ मीटरच्या आसपास, आणि बाहेरच्या समुद्राला डेन्मार्कजवळच्या अरुंद वाटांनीच जोडलेला, त्यामुळे त्यातलं पाणी पूर्ण बदलायला साधारण ३० वर्षं लागतात. काठावर नऊ देश आणि पाणलोटात साडेआठ कोटी माणसं. शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी यातून नायट्रोजन-फॉस्फरस समुद्रात जायचं, शेवाळ माजायचं, ते मेलं की तळाला जाऊन कुजायचं आणि तळाचा ऑक्सिजन संपायचा. आपल्याकडे पानवेली माजतात तेच दुखणं, फक्त समुद्राएवढं. १९७४ साली, ऐन शीतयुद्धात, तेव्हाच्या सातही काठच्या देशांनी हेलसिंकी करारावर सह्या केल्या. त्यात पूर्व जर्मनी होती आणि पश्चिम जर्मनीही होती, रशिया म्हणजे तेव्हाचा सोव्हिएत संघ होता आणि स्वीडन-फिनलंडही होते. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेल्या गटातले लोक पाण्यासाठी एका टेबलावर बसले, मग निफाड आणि कोपरगावला बसायला काय हरकत आहे?

तर पहिलं काम म्हणजे टप्पा लहान धरा. अख्खी गोदावरी डोक्यात घेतली की काहीच होत नाही. माझं मत असं की गंगापूर धरणाच्या खालपासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंतचा पट्टा पहिल्या वर्षाला पुष्कळ झाला, फार तर कोपरगावचे दोन-चार लोक जोडून घ्या. नांदूर मध्यमेश्वर का, तर गोदावरी आणि कादवा तिथे एकत्र येतात, शहरातून आलेलं सगळं तिथल्या संथ पाण्यात बसतं, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालंय, त्यामुळे तिथल्या पाण्याबद्दल बोललं की वन विभागालाही ऐकावं लागतं.

दुसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, बैठकीत पाणीवाटपाचा विषय घ्यायचा नाही. हे कठीण जाणार. खालच्या गावात गेलात की पहिलाच प्रश्न येतो, "दादा, आधी आमचं आवर्तन कधी सुटणार ते सांगा, मग बाटल्या भरत बसा." राग खोटा नाही त्यांचा. पण २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, मेंढेगिरी समितीचं सूत्र (जायकवाडी ६५ टक्के भरेपर्यंत वरच्या धरणांतून पाणी सोडायचं), कोर्टातल्या केसेस, हे सगळं चालू द्या त्याच्या जागी, तिथे वकील आहेत, मंत्री आहेत. सरळ सांगायचं, "काका, किती पाणी येईल ते आपल्या कुणाच्या हातात नाही, पण जे येतं ते कसलं येतं एवढं तरी मिळून बघू." एवढ्यावर बहुतेक माणसं थांबतात, कारण घाण पाण्याचा त्रास वाटपाच्या बाजूवर अवलंबून नसतो, चांदोरीच्या माणसालाही वास येतो आणि पैठणच्याही.

बैठकीची जागा फिरती ठेवा. हेल्कॉम, म्हणजे त्या करारातून उभा राहिलेला आयोग, त्याचं अध्यक्षपद दर दोन वर्षांनी पुढच्या सदस्याकडे जातं आणि निर्णय सगळ्यांच्या संमतीने होतात, बहुमताने नाही. आपण हे जसंच्या तसं घ्यावं. नेहमी नाशिकच्या एसी हॉलमध्ये बैठक घेतली की खालच्यांना वाटतं आपल्याला हजेरीला बोलावलंय. सायखेड्याला देवळाच्या ओट्यावर घ्या, कोपरगावला बाजार समितीत घ्या, चहा-पोहे यजमान गावाने करायचे, आणि अध्यक्षही त्याच गावचा.

आता मोजणी. सगळ्या भागीदारीचा कणा हाच आहे. करार झाल्यावर बाल्टिकच्या देशांनी एकाच पद्धतीने पाणी मोजायचं ठरवलं, कुठल्या नदीतून किती नायट्रोजन, किती फॉस्फरस येतो याचे आकडे सगळे देश एका साच्यात देतात, वेगवेगळ्या लॅबचे निकाल एकमेकांशी ताडून बघतात. आकडा सगळ्यांचा झाला की "तुमचा आकडा खोटा" हे भांडण उरत नाही. आपल्याकडे असं करा: धरणाखाली एक जागा, रामकुंडाच्या वर एक, तपोवनच्या पुढे एक, सायखेड्याचा पूल आणि नांदूर मध्यमेश्वर. पाचही ठिकाणी एकाच दिवशी सकाळी नमुने, आणि सगळे एकाच मान्यताप्राप्त लॅबला. दिवस सोमवार किंवा मंगळवार धरा, रविवार नको, कारण लॅब बंद असते आणि बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते याची, चाचणी २७ अंशाला तीन दिवस चालते.

नमुना घेणं सोपं वाटतं पण तिथेच आकडे बिघडतात. सायखेड्याच्या पुलावरून घ्यायचा तर दोरीला बांधलेली स्वच्छ बादली मधल्या धारेत सोडा, काठाला नाही, काठाला पानवेली अडकलेल्या असतात आणि पाणी उभं असतं. पहिली बादली विसळून खालच्या बाजूला ओतून द्या, दुसरी घ्या. बीओडीच्या बाटल्या त्याच पाण्याने विसळून काठोकाठ भरायच्या, बुडबुडा राहता कामा नये. विरघळलेल्या ऑक्सिजनचा नमुना मात्र बादलीतून घेतला तर पडताना हवा मिसळते, तो खाली उतरून पाण्याखालीच बाटली भरून घ्यायचा आणि लॅबने दिलेली दोन द्रावणं जागेवरच टाकायची, नाहीतर घरी पोचेपर्यंत आकडा बदलतो. जंतूंच्या तपासणीची बाटली लॅबकडून निर्जंतुक करून आणायची, ती विसळायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, थोडी जागा मोकळी सोडायची. सगळं बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी लॅबला. बाटलीवर जागा, वेळ, पाण्याचं तापमान आणि नमुना घेणाऱ्याचं नाव, पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या पेनने.

काय तपासायचं? उघड्यावर आंघोळीच्या पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष आहेत: बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी, विरघळलेला ऑक्सिजन ५ किंवा जास्त, पीएच ६.५ ते ८.५, आणि फीकल कोलीफॉर्म, म्हणजे विष्ठेतले जंतू, १०० मिलिलिटरमागे ५०० च्या आत असावे, २५०० च्या वर चालतच नाही. याला नायट्रेट आणि फॉस्फेट जोडा. ते दोन आंघोळीच्या निकषात नाहीत पण पानवेलींचं खाणं तेच आहे, आणि समुद्रापर्यंत जातं तेही तेच. पावसाळ्यात पूर सगळं पातळ करतो म्हणून तेवढेच आकडे दाखवून कुणी समाधान मानू नका, एप्रिल-मेचे आकडे हवेतच.

मोजणी चालू असतानाच यादी करायला घ्या. १९९२ मध्ये बाल्टिकवाल्यांनी पाणलोटातल्या सगळ्यात घाण करणाऱ्या १६२ जागांची यादी केली, शहरांची सांडपाणी केंद्रं, कागद कारखाने, मोठे पशुपालन फार्म, नावानिशी. नाव यादीतून काढायचं तर काम पूर्ण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि शंभराहून जास्त नावं अशी गेलीत. मला ही सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते, कारण यादीतून नाव जाणं हा सन्मान होतो. आपली यादी चालत करा, गाडीवरून नाही. नासर्डी आणि वाघाडी गोदावरीला जिथे मिळतात त्या जागा, एसटीपीचं (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं) बाहेर पडणारं तोंड, गावाची गटार नदीला लागते ते ठिकाण, मंगल कार्यालयांची मागची बाजू. प्रत्येकाचा फोटो लोकेशनसकट. एसटीपीच्या तपासणीचे अहवाल माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी आणि ३० दिवसांत उत्तर. आणि यादीत आपल्या गावाचं नाव आधी टाकायचं, मग वरच्याचं.

शेतीचं काय, हा प्रश्न निफाड-दिंडोरीत येणारच आणि तो चुकवायचा नाही. बाल्टिकमध्येही शहरांचं सांडपाणी बरंच आटोक्यात आलं पण शेतातून झिरपणारं खत अजून डोकेदुखी आहे, कारण त्याला एक पाइप नसतो. द्राक्षबागायतदारांकडे दोषी म्हणून जाऊ नका. युरोपला माल पाठवणाऱ्या प्रत्येक प्लॉटची ग्रेपनेट या निर्यातीच्या ऑनलाइन यंत्रणेत नोंद करायची, रेसिड्यू (मालात राहिलेला औषधाचा अंश) तपासून घ्यायचा, ही शिस्त त्यांनी केव्हाच अंगात मुरवलीय, मोजून वागणं त्यांना शिकवायची गरज नाही. तीच शिस्त खताला लावा: माती परीक्षण, पानदेठ परीक्षण आणि मग ड्रिपमधून लागेल तेवढंच. गोडी छाटणीच्या (द्राक्षाची फळासाठीची छाटणी) आधी गावात एकत्र नमुने गोळा केले तर लॅबही दरात सवलत देऊ शकते, विचारून बघा. शेतकऱ्याचे खताचे पैसे वाचतात हे आधी सांगा, नदीचं नंतर.

पैशाचा मुद्दा. सेंट पीटर्सबर्गमध्ये लाखो लोकांचं सांडपाणी प्रक्रिया न होता फिनलंडच्या आखातात जात होतं. २००५ मध्ये तिथलं नैऋत्य सांडपाणी केंद्र सुरू झालं आणि त्यात फिनलंड, स्वीडन या शेजाऱ्यांनी पैसे घातले. दुसऱ्याच्या देशात आपला पैसा का, तर स्वतःच्या आधीच स्वच्छ केंद्रात आणखी एक रुपया घालण्यापेक्षा तिथे तोच रुपया कितीतरी जास्त घाण अडवतो. आपल्याकडे याचा अर्थ असा की नाशिकमधल्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, खालच्या किंवा वरच्या गावातल्या गटारीच्या शोषखड्ड्यांना, परसबाग-फिल्टरला गेला तरी तो नाशिकसाठीच आहे. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो, तो गावाच्या विकास आराखड्यात नेमक्या नाल्याच्या नावाने टाकून घ्या आणि ग्रामसभेत ठराव करा. शेजारच्या दोन गावांनी सारख्याच शब्दांत ठराव केला तर पंचायत समितीत वजन पडतं.

एक गोष्ट सगळ्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवा, वेळ लागतो. बाल्टिकवाल्यांनी २००७ मध्ये कृती आराखडा केला, २०२१ पर्यंत समुद्र सुधारायचं ठरवलं, ते जमलं नाही, आता मुदत २०३० आहे. कारण तळाच्या गाळात साठलेला जुना फॉस्फरस पुन्हा पाण्यात येत राहतो. २०२२ नंतर रशियासोबतचं नेहमीचं कामही थांबलं. तरी बाकीच्यांनी मोजणी सोडलेली नाही. आपल्याकडेही सरपंच बदलेल, आयुक्त बदलेल, एखादं गाव रुसून बाहेर पडेल, नमुन्याचा सोमवार तेवढा चुकवू नका.

पट्टा नीट चालला की मग राज्याच्या हद्दीपलीकडे बघायचं. नांदेड जिल्ह्यातल्या गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचं उदाहरण लक्षात घ्या: महाराष्ट्र आणि आंध्रचा वाद २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटला तेव्हा दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी सोडायचं असं तारखेनिशी ठरलं, देखरेखीला समिती नेमली. पाणी किती हे ठरलं, कसलं हे कुणी विचारलं नाही, ती जागा मोकळी आहे. आणि सरकारांची वाट बघायची गरज नाही, १९९१ मध्ये बाल्टिकच्या शहरांनी ग्दान्स्कमध्ये स्वतःचा संघ काढला, महापालिका थेट महापालिकेशी बोलतात. नाशिक, नांदेड, राजमहेंद्री या तिघांचं तसं का होऊ नये? समुद्राच्या तोंडाशी कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे, तिथल्या मच्छीमार संस्थांनाही बोलवा. पुढे देशांच्या पातळीवर चेन्नईत बे ऑफ बेंगॉल प्रोग्राम ही मासेमारीवर काम करणारी देशांची संस्था आहे, त्यात भारत, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आहेत, तिथे जायला हातात काही वर्षांचे आकडे हवेत.

मुहूर्त आयता आहे. गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो आणि त्याच योगावर आंध्र-तेलंगणात गोदावरीचं पुष्करम, म्हणजे नदीचा स्नानोत्सव, असतं, दोन्ही २०२७ मध्ये. त्या वर्षी नाशिक, नांदेड आणि राजमहेंद्री तिन्हीकडे एकाच सोमवारी, त्याच पाच-सहा चाचण्यांसाठी नमुने घ्यायचे असं आत्ताच पत्र लिहा, मराठीत आणि तेलुगूत. पत्रात आपले आकडे आधी द्या, वाईट आले असतील तरी सगळे द्या, आणि मग त्यांचे मागा.