पुढच्या शॉकअपचे ऑईल सील घरी कसे बदलावेत

दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायची वेळ आली की पावसाळ्याने काय करून ठेवलंय ते कळतं. नाशिकहून त्र्यंबक, पेठ, दिंडोरीकडे रोज ये-जा करणारी गाडी असेल तर पुढच्या चकचकीत पाईपवर तेलाचं काळपट कडं दिसतं आणि त्यावर माती चिकटलेली असते. पुढचा ब्रेक धरून हँडल दोन-चारदा खाली दाबलं की ओली रेघ उमटते. म्हणजे शॉकअपचं तेल आत अडवून ठेवणारं रबरी कडं, ऑईल सील, गळतंय. हे तेल ओघळत ब्रेक पॅडपर्यंत पोचलं तर कसारा घाट उतरताना ब्रेक हवा तसा लागणार नाही, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

इथे सांगतोय ते स्प्लेंडर, शाईन, पल्सर १५० अशा गाड्यांच्या साध्या शॉकअपबद्दल, म्हणजे वर पाईप आणि खाली अ‍ॅल्युमिनियमचा बॉटम केस. ड्यूक ३९०सारखे उलटे शॉकअप असतील तर वर्कशॉप गाठा. त्याला वेगळी हत्यारं लागतात.

खोलण्याआधी

बऱ्याचदा सील फाटलेलं नसतं, त्याच्या ओठात माती अडकलेली असते. डस्ट सील, म्हणजे ऑईल सीलच्या वरचं धूळ अडवणारं रबर, स्क्रू ड्रायव्हरने हलकेच वर उचला. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापा, टोकाला छोटा आकडा ठेवा आणि ती पाईपला चिकटवून सीलच्या आत सरकवा. गोल फिरवत बाहेर ओढली की काळी घाण आकड्यावर येते. पाईप पुसून दोन दिवस गाडी चालवा. गळती थांबली तर पुढचं काही करायची गरज नाही.

थांबली नाही तर सीलपेक्षा पाईपकडे आधी बघा. सील जिथून वर-खाली सरकतं तेवढ्या भागावरून नख फिरवा. गिट्टी उडून पडलेले टवके आणि गंजाचे खड्डे डोळ्यांना दिसत नाहीत, पण नखाला लागतात. बारीक टोचणारी कड असेल तर १२०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून ती घासता येते. नख अडकेल असा खड्डा असेल तर नवं सीलही थोड्याच दिवसांत फाटणार. गॅरेजमधून सील बदलून आणल्यावर महिनाभरात पुन्हा गळती लागते, ती बहुधा यामुळेच. साध्या गाडीला अशा वेळी नवा पाईप घ्यावा. राजदूत, येझदीसारखी जुनी गाडी असेल आणि पार्ट मिळत नसेल, तर पाईप घासून त्यावर हार्ड क्रोम चढवून देणारे नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत भेटतात. वाकलेला पाईप मात्र ठोकून सरळ करून घेऊ नका, कोणी कितीही छातीठोक सांगितलं तरी.

सील, डस्ट सील आणि तळच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर दोन्ही बाजूंचे आणा, गळती एकाच बाजूची असली तरी. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही मापं सीलवरच मिलिमीटरमध्ये छापलेली असतात, ती जुन्याशी जुळवा. तेलाचा ग्रेड आणि माप गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. "भाऊ, इंजिन ऑईलच टाकतो, काय फरक पडतो?" असं ऐकायला मिळेल. फरक पडतो. २०डब्ल्यू-४० घट्ट असल्याने बहुतेक गाड्यांचा शॉकअप दगडासारखा होतो.

खोलणं

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावा. साईड स्टँडवर हे काम करायचंच नाही. चाक काढण्याआधीच वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करून शॉकअपची टोपी पाव फेरा ढिली करा. बॉटम केसच्या तळाचा अ‍ॅलन बोल्टही याच वेळी थोडा सैल करून ठेवा. आत स्प्रिंगचा दाब असतो तोवर आतली दांडी जागेवर राहते. शॉकअप हातात काढून घेतल्यावर बोल्टसोबत दांडीही फिरत बसते, आणि मग अर्धा दिवस त्यातच जातो.

आता डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, काढून दोरीने वर बांधा, ब्रेकच्या पाईपवर लोंबकळू देऊ नका. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा, म्हणजे कोणी चुकून लिव्हर दाबला तरी पिस्टन बाहेर येणार नाही. एबीएस असेल तर सेन्सरची वायर सांभाळा. चाक, मग मडगार्ड काढा. पाईप क्लॅम्पच्या वर किती आलाय ते मार्करने खूण करा, खालचा क्लॅम्प सैल करा आणि शॉकअप फिरवत खाली ओढा.

टोपी काढताना तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंग ती वर फेकते. काही गाड्यांत टोपीऐवजी दाबून बसवलेली प्लेट आणि तारेचा लॉक असतो, तिथे दाबायला दुसऱ्या माणसाचा हात लागतोच. स्प्रिंगचे जवळजवळ असलेले वेढे कोणत्या बाजूला होते त्याचा मोबाईलवर फोटो काढा. तेल बाटलीत ओता, पाईप पाच-सहा वेळा वर-खाली करून उरलेलंही काढा. ते गटारात सोडू नका, गॅरेजवाले जुनं तेल ठेवून घेतात.

डस्ट सील आणि त्याखालचा लॉक काढा. तळचा बोल्ट पूर्ण काढला की पाईप केसमधून बाहेर येतो. दांडीच्या टोकाला एक छोटी निमुळती वाटी असते, ती बहुधा केसच्या तळात राहते. तिच्यावर नजर ठेवा. केसवर उकळतं पाणी ओता. अ‍ॅल्युमिनियम प्रसरण पावतं आणि जुनं सील सहज सुटतं. कडेवर जाड कापड ठेवूनच स्क्रू ड्रायव्हर टेकवा, आतल्या बैठकीवर चरा पडला तर नवं सीलही गळेल.

बसवणं

सगळं रॉकेल किंवा डिझेलने धुऊन पूर्ण वाळवा. वाटी दांडीच्या टोकाला लावून पाईप केसमध्ये घाला, तळचा बोल्ट नव्या वॉशरसह आणि थोड्या थ्रेडलॉकसह (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) आवळा. दांडी फिरत असेल तर स्प्रिंग आत घालून वरून दाबून धरा. सीलच्या आतल्या ओठाला तेल लावा. पाईपच्या वरच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी ओढा आणि तिच्यावरून सील सरकवा, नाहीतर पाईपची धार ओठ कापते. अक्षरांची बाजू वर, तारेची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे. वर जुनं सील उलटं ठेवा आणि बेताच्या व्यासाच्या पीव्हीसी पाईपने चारी बाजूंनी सारखं ठोका. लॉकची खाच पूर्ण मोकळी दिसली म्हणजे सील तळाला बसलं. लॉक लावा, मग डस्ट सील.

तेल मोजूनच ओता. पाईप हळूहळू दहा-बारा वेळा खाली-वर करा, बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघा. मॅन्युअलमध्ये तेलाची पातळी दिली असेल तर स्प्रिंग बाहेर आणि पाईप पूर्ण खाली ठेवून वरून मोजा. दोन्ही बाजूंना पातळी एकच हवी. नंतर स्प्रिंग आणि टोपी.

खुणेप्रमाणे शॉकअप क्लॅम्पमध्ये बसवा. खालचा क्लॅम्प आवळा, मग टोपी, मग वरचा क्लॅम्प. मडगार्ड लावा. ड्रम ब्रेकची गाडी असेल तर ब्रेक प्लेटची खाच केसवरच्या खुंटीत बसलीच पाहिजे. ती न बसता चाक आवळलं तर ब्रेक दाबताच प्लेट गरकन फिरते आणि चाक जाम होतं. या एका खाचेपुढे बाकी सगळं काम किरकोळ. ॲक्सल आधी अर्धवट आवळा, कॅलिपर लावा, गाडी स्टँडवरून उतरवून शॉकअप तीन-चारदा दाबा, मगच ॲक्सलचा शेवटचा ताण द्या. सगळे ताण मॅन्युअलमधल्या आकड्यांनी, टॉर्क रेंच (ठरावीक ताणापर्यंत आवळणारा पाना) भाड्याने किंवा मागून आणून.

रस्त्यावर न्यायच्या आधी ब्रेक लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबा. ब्रेक क्लीनरने डिस्क पुसा. मोकळ्या गल्लीत हळू वेगात ब्रेक मारून बघा. पॅड तेलात भिजलेले असतील तर ते धुऊन वापरू नका, नवे टाका. आठवडाभराने कोरड्या बोटाने पाईप पुसून बघा आणि क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा एकदा तपासा.