मास्तरकीसाठी एम.ए. करावं का?

"सर, एम.ए. करून भेटते काय?" यवतमाळकडची डी.एड.ची पोरं हमखास विचारतात. जिल्हा परिषदेच्या पहिली ते पाचवीच्या नोकरीपुरतं बोलायचं तर काहीच भेटत नाही. तिथं डी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते, आणि पवित्र या राज्याच्या शिक्षकभरती पोर्टलवरची निवड अभियोग्यता चाचणी या वेगळ्या परीक्षेच्या गुणांवर होते. ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर या वर्गांसाठी नुसतं बी.एड.ही चालत नाही.

अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर गोष्ट वेगळी. त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. हवंच. शिक्षणसेवकाचं, म्हणजे नव्यानं लागलेल्या मास्तरचं, महिन्याचं मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000. म्हणजे सुरुवातीला फरक चार हजारांचा. तेवढ्यासाठी दोन वर्षं घालावी का, हे ज्यानं त्यानं घर पाहून ठरवावं. मात्र सोपा म्हणून भलताच विषय घेऊ नका. आमच्याकडे ही खोड फार. बी.एस्सी. गणित आणि एम.ए. मराठी झालेल्याला ज्युनिअर कॉलेजात गणिताची जागा मिळत नाही. पदवीला पन्नास टक्क्यांच्या खाली अडकलेल्यांना मात्र एम.ए.चा आणखी एक उपयोग आहे: बी.एड.च्या प्रवेशासाठी पदव्युत्तरचे गुणही धरतात.

मला स्वतःला एम.ए. मराठी कामी आलं ते पाचवीच्याच वर्गात. कोलाम आदिवासींच्या पोडावरची (वस्तीवरची) लेकरं 'घर'चं 'गर' अन् 'भात'चं 'बात' लिहितात. गुरुजी लाल रेघ ओढतात, लेकरू पुन्हा तेच लिहितं. भाषाविज्ञानाच्या पेपरात कळलं की कोलामी द्राविडी कुळातली, तिच्यात ख-घ-भ असे महाप्राण, म्हणजे श्वासाच्या झोतासह उच्चारायचे वर्ण, मुळातले नाहीत. जे कानाला वेगळं लागत नाही, ते हातातून कसं उतरेल? तेव्हापासून मी आधी तोंडासमोर हात धरून श्वासाचा झोत ओळखायला लावतो, लिहिणं मागून. हे डी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं.

नोकरी किंवा शेती सांभाळून करायचं तर मुक्त विद्यापीठ आहे. पण घरी बसून अभ्यास होतोच असं नाही, त्यात दिवाळीनंतर कापूस वेचणीला घरचा प्रत्येक हात लागतो. आणि अभियोग्यता चाचणीची जाहिरात निघाली की एम.ए.ची पुस्तकं सरळ बांधून ठेवा. राहिलेला पेपर पुढच्या सत्रात देता येतो. चाचणी पुन्हा कधी येईल याचा मात्र भरवसा नसतो; 2017 नंतर ती एकदम 2023 ला झाली होती.