टेन्शन रोजचं, उतारा रविवारचा: ताण हलका करताना या चुका टाळा

मुंबईत कुणाला सांगा, "जरा स्वतःकडे बघ, किती दमलायस," की उत्तर ठरलेलं: "रविवारी बघू." सोमवार ते शनिवार गाडी, ऑफिस, सोसायटीच्या पाण्याची वेळ, मुलांचे क्लास, आणि हा सगळा शीण काढायला एकच रविवार. त्या दिवशी दहा वाजेपर्यंत झोपायचं, दुपारी मटणावर ताव मारून पुन्हा लोळायचं आणि रात्री एक वाजता डोळे टक्क उघडे. सोमवारी अंग शनिवारपेक्षा जड.

उपाय आपल्याला माहीत नसतात असं नाही. श्वास, चालणं, झोप, गप्पा, सगळं पाठ असतं. चूक होते ती वेळेत आणि पद्धतीत. गाडी चुकते, साहेबांचा फोन येतो, शाळेच्या ग्रुपवर फीचा मेसेज पडतो, आणि दर वेळी अॅड्रेनॅलिन वाढतं, ठोके वाढतात, खांदे वर चढतात. हे चढणं स्वाभाविक आहे. त्रास होतो तो मधे उतरायला वावच न मिळाल्यामुळे. म्हणून उतारा लहान हवा आणि दिवसातून अनेकदा हवा.

"मोठा श्वास घे" ऐकून भसाभसा श्वास घेणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. कुणी घाबरलं, कासावीस झालं की आजूबाजूचे चौघं म्हणतात, "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे." तो बिचारा तोंड उघडून, छाती फुगवून एकामागोमाग श्वास ओढत राहतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. मग त्याला वाटतं, मला नक्की काहीतरी होतंय, आणि तो आणखी जोरात श्वास घेऊ लागतो.

लक्ष श्वास सोडण्यावर हवं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. उच्छ्वास लांबवला की शरीराला शांत करणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूला काम करायला वेळ मिळतो. तोंड मिटून नाकाने मनात चार आकडे मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा आकडे मोजेपर्यंत सावकाश सोडा. छाती नाही, पोट हललं पाहिजे. असे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. दोन-तीन मिनिटं पुरे. दादरला चढलेल्या गर्दीत छाती फुगवायला जागाच नसते, पण पोटाने श्वास घेता येतो आणि शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

दुसरी चूक म्हणजे हे फक्त आणीबाणीत आठवणं. सकाळी चहा उकळेपर्यंत, लिफ्टची वाट बघताना, मन शांत असतानाच सवय करा. वेळ आल्यावर शरीराला वाट ओळखीची असते. छातीत धडधड सुरू असताना भस्त्रिका किंवा कपालभाती मात्र नको. या क्रिया चांगल्या आहेत, पण त्यांत श्वास जलद चालतो आणि त्या वेळी नेमकं उलटं हवं असतं. तेव्हा भ्रामरी बरी, कारण गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. शिकायचं असेल तर व्हिडिओपेक्षा समोर बसलेले शिक्षक बरे. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ पासून आहे. योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, त्याचं एक केंद्र मरीन ड्राइव्हलाही आहे.

"अंग सैल सोड" म्हटलं की सैल सुटत नाही

आत्ता वाचताना जबडा बघा. बहुतेकांचे दात दातांवर दाबलेले असतात, जीभ टाळूला चिकटलेली. खांदे कानांकडे सरकलेले. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर पद्धत बसवली: स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा. मुठी पाच-सात सेकंद घट्ट वळा, सोडा, आणि पंधरा-वीस सेकंद फक्त हात कसे जड होतात ते बघा. मग खांदे, मग कपाळ, मग पोटऱ्या. आवळताना श्वास कोंडू नका आणि दुखऱ्या मानेला जोर देऊ नका. पनवेल किंवा विरार गाडीत बसायला मिळालं की मांडीवरच्या बॅगेखाली मुठी आवळता येतात. झोपण्यापूर्वी तर हे फार उपयोगी पडतं.

"विचारच करू नकोस" हा सल्ला

आई सांगते, मैत्रीण सांगते, आपणही स्वतःला बजावतो. पण मन असं ऐकत नाही. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं होतं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. ते अस्वल पुन्हा पुन्हा आलंच, आणि बंदी उठल्यावर तर जास्तच आलं.

त्यापेक्षा काळजीला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी सातला पंधरा मिनिटं, हातात वही. होमलोनचा हप्ता, बाबांचा रिपोर्ट, दहावीचं वर्ष, जे मनात येईल ते लिहा. मग प्रत्येकासमोर एवढंच: यावर उद्या मला काही करता येईल का? येत असेल तर नेमकं काय, ते लिहा. "बँकेत जाऊन मुदत वाढवायचं विचारणे" असं. दिवसा तीच काळजी आली तर "सातला बघते" म्हणून पुढे ढकला. रात्री अंथरुणात मात्र ही वही उघडू नका. तिथे लिहायला बसलं की झोप उडते.

हाताला काम दिलं की मन थाऱ्यावर येतं, हेही खरं. संध्याकाळच्या बदलापूर गाडीत बायकांच्या डब्यात बघा. एखादी मांडीवर पेपर पसरते, मेथीची जुडी सोडते, पानं एका बाजूला, काड्या पिशवीत. समोरची न विचारता अर्धी जुडी ओढून घेते. कल्याण येईपर्यंत भाजी निवडून होते आणि दोघींचे आवाजही खाली आलेले असतात. पण त्यात विरंगुळा आहे म्हणून त्याखालचं ओझं झाकू नये. ती गाडीत भाजी निवडते, कारण घरी पोचल्यावर तिला तेवढाही वेळ मिळणार नसतो.

इथे एक मोठी चूक होते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जो ताण काढूनच टाकता येईल, तो सोसण्यासाठी आपण उपाय शोधत बसतो. घरातल्या चौघांचे डबे, पाणी भरणं, सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचा प्रोजेक्ट हे सगळं एकाच माणसावर असेल, तर कितीही श्वास मोजले तरी फरक तात्पुरताच पडणार. एका रविवारी कागदावर घरातली कामं आणि प्रत्येकापुढे ती करणाऱ्याचं नाव लिहा. एकच नाव पानभर दिसलं की वाद न घालता दोन कामं दुसऱ्याच्या नावावर करा, आणि ती त्याच्या पद्धतीने होऊ द्या. पोळी वाकडी झाली तरी चालेल. मला वाटतं, या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा.

राग काढला की मोकळं वाटतं?

वाटतं, थोडा वेळ. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याचा राग आला त्याला डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट जास्त राहिला. स्वस्थ बसलेल्यांचा कमी होता. चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत साहेबांचा उद्धार करणं हे त्यातलंच. एकदा सांगितलं की मन हलकं होतं. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना आपण ती नव्याने भोगत असतो. म्हणून एकदा मनापासून सांगा आणि मग विचारा, "मी आता काय करू?" ऐकणाऱ्यानेही लगेच उपदेश सुरू करू नये. "सल्ला हवाय की नुसतं ऐकू?" हा प्रश्न फार मोलाचा आहे.

टपरी, सिगारेट आणि पेग

टपरीवर जाणं चांगलंच. खुर्चीतून उठणं होतं, चार माणसं भेटतात. अडचण सहा वाजताच्या कटिंगची. कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री अकराला दिवा घालवताना त्यातलं निम्मं शिल्लक असतं. चारनंतर टपरीवर जा, पण लिंबू सरबत घ्या. दिवसाला सहा कप असतील तर एकदम बंद करू नका, डोकं ठणकतं. हळूहळू कमी करा.

सिगारेटने ताण जातो असं वाटतं, कारण निकोटीन न मिळाल्याने आलेली चिडचिड निकोटीन मिळाल्यावर शमते. ठोके मात्र वाढतात. पेगने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तुटते, आणि सकाळी माणूस झोपूनही न झोपल्यासारखा उठतो.

रात्रीचा फोन

"झोपताना फोन बाजूला ठेवा" असं सगळेच सांगतात आणि कुणी ठेवत नाही. कारण साडेअकरानंतरचा तो तासच दिवसभरातला आपला स्वतःचा असतो. तो काढून घेतला तर माणूस परत मिळवणारच. म्हणून हा वेळ आधी कुठेतरी काढावा लागतो. स्टेशनवरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याऐवजी पंधरा मिनिटं चालत या. बिल्डिंगखालच्या बाकावर दहा मिनिटं बसा, मग वर जा. घरच्यांना सांगून बसा, चोरून नको.

रविवारीही उठायची वेळ नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त पुढे नेऊ नका. सोमवारच्या जडपणाचं मोठं कारण तेच असतं. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळू नका, उठा. वन रूम किचनमध्ये जायचं कुठे, हा प्रश्न खराच आहे. स्वयंपाकघरात मंद दिवा लावून ओट्यापाशी खुर्ची टाका, काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे मिटायला लागले की परत या. घरात कुणाची मॅच चालू असेल तर कानात बोळे आणि डोळ्यांवर ओढणी.

चालायला शिवाजी पार्कच लागतं असं नाही

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. दिवसाला वीस-बावीस मिनिटं झाली. माटुंग्याचे पाच बगीचे किंवा बोरिवलीचं नॅशनल पार्क जवळ असेल तर उत्तमच. नसेल तर १२ डब्यांच्या गाडीचा प्लॅटफॉर्म अडीचशे मीटरहून लांब असतो. दोनदा जाऊन-येऊन एक किलोमीटर होतं, आणि पावसाळ्यात छपराखाली. चालताना ऑफिसचे कॉल घेतलेत तर पाय तेवढे मोकळे होतील. आणि पहिल्याच आठवड्यात साडेपाचचा योगवर्ग, चहा बंद, डायरी, दहा हजार पावलं असं सगळं एकदम धरू नका. एक धरा.

अंगावर काढणं आणि मनाने गोळ्या घेणं

छातीत दुखणं, डाव्या हातात कळ, घाम, धाप याला टेन्शन किंवा अॅसिडिटी म्हणून थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. सततचा थकवा, धडधड, चिडचिड यामागे थायरॉइड, हिमोग्लोबिन किंवा बी १२ ची कमतरता असू शकते, म्हणून रक्त तपासून घ्या. शेजारणीला लागू पडलेली अल्प्राझोलामची, म्हणजे घबराट कमी करणारी गोळी स्वतः घेऊ नका. तिची सवय लागते, आणि बराच काळ घेतलेली एकदम बंद केली तर फिटही येऊ शकते. आधीच चालू असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते. अश्वगंधा आयुर्वेदिक आहे म्हणून निर्धोक, असंही नाही. गरोदरपणात, थायरॉइडच्या किंवा यकृताच्या त्रासात विचारल्याशिवाय नको.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जा. केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. सकाळी केसपेपर काढून ओपीडीत दाखवता येतं, पहिल्यांदा जाताना घरचं कुणीतरी सोबत असलेलं बरं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर सकाळचीही वाट बघू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.