स्टे केबलचा अँकर बसवताना या चुका टाळा

स्टे केबल, म्हणजे पुलाचा तळ मनोऱ्याला धरून ठेवणारी तिरकी केबल, सहसा मधोमध तुटत नाही, अँकरपाशी (तिचं टोक जखडतं तिथे) जाते. अर्जेंटिनातल्या साराते–ब्रासो लार्गो पुलाची केबल नोव्हेंबर 1996 मध्ये खालच्या अँकरजवळच तुटली. कारण गंज आणि धातूचा थकवा. केबलवरून ओघळणारं पाणी शेवटी तिथेच उतरतं. म्हणून खालच्या गाइड पाइपचं (केबल ज्यातून अँकरकडे जाते त्या नळीचं) निचऱ्याचं भोक सिमेंटच्या स्लरीने बुजलेलं नाही ना, हे स्ट्रँड (केबलमधले पोलादी तारांचे पिळलेले दोर) ओवण्याआधी तार घालून बघा. नंतर तिथे हात पोचत नाही.

गाइड पाइप लावताना दोन अँकरांमध्ये सरळ रेष धरू नका. केबलला झोळ असतो. 200 मीटरच्या केबलचा अँकरपाशी कोन त्या रेषेपेक्षा अर्धा ते एक अंश वेगळा येतो. तो धरला नाही तर स्ट्रँड वेजच्या (अँकरमध्ये त्याला दातांनी पकडणाऱ्या पाचरीच्या) तोंडाशी वाकतो आणि वाहतुकीच्या हेलकाव्यांनी तिथेच थकतो.

15.7 मिमी, 1860 ग्रेडचा (1860 मेगापास्कल ताकदीचा) स्ट्रँड 279 किलोन्यूटनला तुटतो. वापरातला भार त्याच्या 45 टक्के धरला तर सुमारे 125. वेज बसताना स्ट्रँड 6 मिमी आत सरकला, की 100 मीटरच्या केबलमध्ये ताणातले जेमतेम पावणेदोन किलोन्यूटन जातात, पण 20 मीटरच्या केबलमध्ये जवळजवळ 9! आखूड केबलचा हिशेब वेगळाच करा. वेजचे तुकडे एका पातळीत हवेत. एखादा मागे राहिला तर हातोडीने भागवू नका, ताण सोडून वेज बदला. स्ट्रँडचं आवरण कमी सोललं असेल तर एचडीपीईचा (त्या प्लास्टिकचा) पापुद्रा दातांत अडकलेला सापडतो.

ताण वाढवताना वेजचे जुने दात उमटलेला भाग मागे, भाराबाहेर जातो. कमी करताना तोच भाराखाली येतो आणि प्रत्येक खाचेतून तडा सुरू होऊ शकतो. म्हणून सैल करायचं ते अख्खा अँकर सरकवणारा रिंग नट फिरवून.

केबलवरचा बाहेरचा एचडीपीई पाइप दोन्ही टोकांना जखडू नका. 100 मीटरचा पाइप 30 अंशांच्या फरकाने अर्धा मीटरभर लांबतो, आतलं पोलाद 3-4 सेंटिमीटरच.

अँकरमागे उरलेली स्ट्रँडची टोकं गॅस कटरने कापणं म्हणजे वेज भाजणंच. ग्राइंडर वापरा, पुन्हा जॅक धरेल इतकी लांबी राखा आणि अँकरचं झाकण त्याच मापाचं मागवा. नाहीतर झाकण बसत नाही म्हणून कोणीतरी टोकं छाटून मोकळं होतं.