नव्या वर्षाची घरभेट: खडू, दार आणि वेळेचं गणित

प्रकटीकरणाचा सण (एपिफनी, ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूचं दर्शन घेतल्याचा ख्रिस्ती सण) भारतात 2 ते 8 जानेवारीदरम्यानच्या रविवारी येतो. मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) फादरांकडून दारावर लिहायचा खडू आशीर्वादित करून घ्या, घरटी अर्धा पुरतो. मग वॉर्डानुसार घरभेटी.

एका घराला 20 मिनिटं धरा. संध्याकाळी साडेसहा ते नऊ, फार तर सहा घरं. पुण्यात वडगाव शेरी आणि कोंढवा एकाच दिवशी ठेवलंत तर निम्मा वेळ ट्रॅफिकमध्येच जातो. सोसायटीच्या वॉचमनकडे नावं आधी देऊन ठेवा. लिफ्टने सर्वांत वर जा आणि जिन्याने उतरत या.

घरात आधी पंखा बंद, मग मेणबत्ती. बायबलमधलं मत्तय 2:1-12 घरातल्या लहानाने वाचावं. अडखळलं तरी चालेल. फादर पवित्र पाणी शिंपडतात. मग चौकटीवर लिहायचं: 20 + सी + एम + बी + 26, रोमन अक्षरांत. शेवटचे दोन आकडे त्या वर्षाचे. अक्षरं म्हणजे त्या ज्ञानी पुरुषांची परंपरेतली नावं: कास्पार, मेल्खियोर, बाल्थाझार. किंवा ‘ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो’ या लॅटिन वाक्याची आद्याक्षरं.

फ्लॅटच्या ग्रॅनाइट किंवा सनमायकाच्या चौकटीवर खडू उमटतच नाही. ओल्या फडक्याने तर जास्तच घसरतो. काळ्या कार्डशीटची पट्टी डबल टेपने लावून तिच्यावर लिहा. ऑइल पेस्टल नको, डाग राहतो आणि घरमालक चिडतो.

यादीतून हमखास सुटतात ते भाडेकरू आणि नाइट ड्यूटीच्या नर्सेस. त्यांच्यासाठी रविवारची दुपार राखून ठेवा.